पोपटरावांचा वरचा एक

पोपटराव शिरतोडे यांना गप्प बसता येत नाही, आणि यात त्यांचा काडीचाही दोष नाही. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला दही सोसत नाही, पोपटरावांना शांतता सोसत नाही. कतारमधल्या मेसईदहून दोह्याला जाणारी चोपन्न सीटची कंपनीची बस ते गेली अकरा वर्षं चालवतायत. बसमध्ये रोज तीच माणसं, त्याच सीटवर, त्याच डुलक्या घेत बसलेली असतात. कुणी कुठं उतरायचं हे ज्याचं त्याला पाठ आहे. तरीसुद्धा अल थुमामाचा सिग्नल दिसला की पोपटराव समोरचा माईक तोंडाशी ओढणार म्हणजे ओढणार.

"ध्यान दीजिए! अब आ रहा है अल थुमामा! उतरने वाले हैं रायगड जिल्हा के सुपुत्र, स्टोअर के शेर, जनाब बशीरभाई! सतरह साल में एक बार भी स्टॉप नहीं चुकाया! जोरदार तालियां!"

टाळ्या वाजत नाहीत. बशीरभाई डोळे चोळत उठतात, मराठीत "अरे बाबा, मय्यताला तरी झोपू देशील का?" म्हणतात आणि उतरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेसमध्ये डाळीचं पातेलं उघडलं तरी पोपटराव "आजची मानाची आमटी" जाहीर करतात. खोलीतल्या तिघांनी एकदा त्यांना कापसाचे बोळे दाखवले, तेव्हा त्यांनी बोळ्यांचंही कौतुक केलं.

आता हा रोग आला कुठून? तर विट्याच्या अलीकडं बोरखिंड नावाचं गाव आहे. तिथं चैत्रातल्या जत्रेला कुस्त्यांचा मोठा फड भरतो, आणि त्या फडाचे निवेदक आहेत पोपटराव. एकवीस वर्षं झाली. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, तालीम, आजोबानं कुणाला चितपट केलं होतं, सगळं तोंडपाठ. मातीत जोड फिरत असते, हलगी कडाडत असते आणि पोपटराव असे बोलतात, की कुस्तीकडं पाठ फिरवून बसलेल्या म्हाताऱ्यालाही घाम फुटतो. कतारला आल्यापासून दरवर्षी ते सुट्टी घेतात ती जत्रेला. दिवाळी गेली खड्ड्यात, पोरांच्या परीक्षा गेल्या, पण फड नाही सोडला. त्यांच्या पत्नी हौसाबाई तर म्हणतात, "ह्यांचं लगीन माझ्यासंगं नाय झालं, भोंग्यासंगं झालं."

यंदा मात्र घोड्यानं पेंड खाल्ली. दोह्यात 'आशिया गीत चषक' नावाची गाण्याची स्पर्धा भरणार होती. दहा देश, दहा गायक, टीव्हीवरून थेट प्रक्षेपण, आणि प्रत्येक देशानं दुसऱ्या देशांना गुण द्यायचे, स्वतःला नाही. गायकांना हॉटेलातून स्टुडिओत न्यायचं काम पोपटरावांच्या कंपनीला मिळालं आणि साहेबांनी सगळ्या सुट्ट्या रद्द केल्या. बोरखिंडला फोन गेला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष हरिदासअण्णा सगळं ऐकून म्हणाले, "मग यंदा किसन बोलंल."

किसन म्हणजे हौसाबाईंचा धाकटा भाऊ. पोपटरावांचा सख्खा मेव्हणा, आणि माईकच्या बाबतीत सख्खा वैरी. दहा वर्षं तो फडाच्या कडेला उभा राहून "दाजी, पाणी पिऊन येता का?" एवढंच विचारत होता. पोपटराव तहानेनं मेले असते, पण पाणी प्यायला गेले नसते.

"यंदापुरतंच ना, अण्णा?"

"ते बगू," अण्णा म्हणाले. या दोन शब्दांनी पोपटरावांची झोप उडाली.

पुढं जे झालं ते बसमध्ये झालं. पहिल्याच दिवशी गायकांची वरात घेऊन बस निघाली आणि पोपटरावांना राहवेना. फिलिपिन्सचा एक गोलमटोल गायक पुढच्या सीटवर बसला होता. तो रोज चढताना पोपटरावांच्या हातावर सुकवलेल्या आंब्याच्या दोन फोडी ठेवी. नेपाळची गायिका मागं घसा शेकत बसायची. पोपटरावांनी माईक ओढला आणि दोघांची जोड लावून दिली. इकडून फिलिपिन्स केसरी, तिकडून हिमालयाची वाघीण! सगळी बस हसून लोळली. एक मुलगी मात्र हसता हसता उठून पुढं आली.

"काका, तुम्ही कुस्त्यांचे निवेदक काय हो?"

ही सबीहा. चिपळूणची, स्पर्धेच्या चमूत समन्वयाचं काम करायची, तीनच महिने झालेले, नोकरी अजून कच्ची. यंदाच्या स्पर्धेत एक नवी टूम होती. प्रत्येक देशाचे गुण कुणा नटनटीनं नाही, तर त्या देशात घाम गाळणाऱ्या साध्या माणसानं वाचायचे, तेही आपल्या घरच्या भाषेत. जपानचे गुण एक स्टेशनमास्तर वाचणार होता, श्रीलंकेचे एक चहा खुडणारी बाई. कतारसाठी माणूस हवा होता आणि सबीहाला तो गिअरच्या दांड्याशेजारी सापडला.

"मराठीत?" पोपटरावांचा विश्वास बसेना.

"मराठीतच. मी इंग्रजीत करून सांगेन. तुम्ही बोललात की माझा आवाज फलकवाल्याच्या कानात, आणि तो आकडा टाकणार. पण काका, तीस सेकंद. तीन देश, तीन आकडे. आठ, दहा, बारा. खलास."

पोपटरावांनी त्याच संध्याकाळी गावी फोन लावला. हरिदासअण्णांनी बराच वेळ मिशीवर हात फिरवला असावा, कारण फोनमध्ये खसखस ऐकू येत होती. मग म्हणाले, "देवळाम्होरं पडदा लावतो. सगळा गाव बसंल. तुजा आवाज वाळवंटात वाळला नसंल, तर माईक तुजा. किसन यंदापुरता. पण फडाचा नेम ध्यानात हाय न्हवं?"

फडाचा नेम बोरखिंडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निवेदकाच्या तोंडून जे जाहीर झालं ते झालं. जाहीर केलेला शब्द ज्यानं मागं घेतला, त्यानं माईक खाली ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा नाही. पोपटरावांच्या आधीच्या निवेदकाचा माईक असाच गेला होता. त्यानं चुकून हरलेल्याला विजयी केलं आणि मग सुधारलं, बास, तेवढ्यावर.

"अण्णा, एकवीस वर्षांत एक शब्द मागं घेतला का मी?"

"म्हणून तर अजून बोलतोय तुज्यासंगं," अण्णा म्हणाले.

तर स्पर्धेचा दिवस उजाडला. पोपटरावांना कुणी तरी निळा कोट घातला. कोट खांद्यात बसेना, म्हणून पाठीमागून चिमटे लावले. समोरून नवरदेव आणि मागून वाळत घातलेलं धुणं. गाणी झाली, एकेक देशाचे गुण येऊ लागले. जपानच्या स्टेशनमास्तरनं बारा सेकंदांत आटोपलं आणि वाकून नमस्कार केला. पोपटराव चुकचुकले. "ह्यो काय निकाल सांगितला? ह्यानं तर गाडी सुटल्याची सूचना दिली."

कतारचे गुण सगळ्यात शेवटी. तोवर फलकावर फिलिपिन्स शहाण्णव, नेपाळ चौऱ्याऐंशी. कतारचे खालचे गुण पडद्यावर आपोआप आले होते, राहिले होते वरचे तीन. पोपटरावांच्या हातातल्या कार्डावर लिहिलं होतं: मलेशिया आठ, श्रीलंका दहा, नेपाळ बारा. म्हणजे बरोबरी. आणि स्पर्धेचा नियम होता, की बरोबरी झाली तर दोघंही विजेते.

कॅमेऱ्यावरचा प्रक्षेपणाचा दिवा लाल झाला. तिकडं बोरखिंडला देवळासमोर अख्खं गाव पडद्याला डोळे लावून बसलं होतं.

"कतार मुक्कामी भरलेल्या या भव्य गाण्याच्या फडावर," पोपटराव गरजले, "उपस्थित सर्व मान्यवर, दिवे धरणारी मंडळी, क्यामेरा फिरवणारी मंडळी, आणि पडद्यामागं ज्यांनी मला हा कोट घातला ते—"

"वेळ, काका!" कानातल्या यंत्रातून सबीहा कळवळली.

पोपटरावांनी पुढची नावं गिळून मलेशियाला आठ दिले. श्रीलंकेला दहा दिले. इथवर सरळ गेलं. मग आलं शेवटचं नाव, आणि हातात माईक, समोर गर्दी, छातीत हलगी. माणूस कतारमधून उठून थेट बोरखिंडच्या मातीत गेला.

आता बोरखिंडच्या फडात शेवटची, मानाची कुस्ती लागली की बक्षीस कधी पुरतं सांगत नाहीत. पाचशे म्हटले की पाचशे एक. आकड्याच्या डोक्यावर एक ठेवायचाच. तो वरचा एक म्हणजे शकुन, मान, गावाचं मन. नुसता पुरता आकडा दिला तर पैलवानाला वाटतं, उधारी चुकवली. शिवाय आकडा कुठला, तर बारा! लेकराच्या हातावर कुणी बारा ठेवतं का? बाराच्या भावात गेली म्हणायची ती पोरगी!

"आणि मानाच्या जोडीला," पोपटराव टिपेला पोचले, "हिमालयाची वाघीण, नेपाळची लेक, हिला कतारकडून बारा... आणि वरचा एक! तेरा!"

सबीहा त्या ओघात अशी वाहून गेली होती, की तिच्या तोंडूनही इंग्रजीत तेराच गेलं. फलकवाल्यानं तेरा टाकलं. नेपाळ सत्त्याण्णव, फिलिपिन्स शहाण्णव. कागदाची फुलं उडाली, ती पोरगी रडत धावली, तिच्या हातात चषक आला, आणि विजयाचं गाणं पुन्हा गायला ती उभी राहिली. बारा टाळायला गेले आणि गड्यानं तेरा ओढवून घेतले!

पोपटराव स्वतःवर खूश होऊन पाणी पीत होते. खिशात फोन थरथरला. बोरखिंडहून हौसाबाई किंचाळत होत्या, "अवो, गाव नाचतंय! अण्णा म्हणाले, बक्षीस वाढवावं तर पोपटनं! माईक तुमचाच म्हणाले, समद्यांसमोर!"

"आणि किसन?"

"त्यो बसलाय तोंड पाडून. जाऊ द्या, माझा भाऊ हाय, पण आज म्या हसून घेते."

पोपटरावांना एवढं बरं वाटलं, की कोटाचे दोन चिमटे तुटले. फोन ठेवतात तोच मागच्या खोलीतून आवाज आले. दिग्दर्शक साहेब, हिशेब तपासणारी बाई आणि मध्ये पांढरीफटक सबीहा. सगळ्या गुणांची बेरीज एकानं जास्त येत होती. या स्पर्धेत तेरा नावाचा गुणच नव्हता.

साहेब इंग्रजीत म्हणत होते ते पोपटरावांना निम्मं कळलं आणि निम्मं सबीहाच्या चेहऱ्यावरून कळलं. तो माणूस मराठीत काय बोलला कुणाला माहीत, चूक भाषांतरात झाली, उद्या तसं पत्रक काढू, आणि या मुलीला उद्यापासून येऊ नको म्हणावं.

सबीहानं पोपटरावांना दारात बघितलं. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्ही बस काढा. मी पण तेराच बोलले ना? चूक माझीच धरतील, धरू देत. तुमच्या गावानं बघितलंय, मला माहीत आहे तुमचं माईकचं."

हे तिला माहीत असणारच. पाच दिवसांत पोपटरावांनी ते बसमधल्या प्रत्येकाला तीन-तीनदा सांगितलं होतं.

पोपटरावांनी आत डोकावून पाहिलं. मंचावर नेपाळची पोरगी गात होती. बाजूच्या अंधारात तो गोलमटोल फिलिपिनो एकटाच उभा होता आणि तिच्यासाठी ठेक्यात टाळ्या वाजवत होता. अर्धा चषक त्याचा होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. दोन आंब्याच्या फोडी रोज देणारा माणूस! पोपटरावांना स्वतःची अशी लाज वाटली, की कानाच्या पाळ्या तापल्या. माईक गेला तर काय राहतं आपल्याजवळ, हेही त्याच क्षणी वाटलं. बस, खोली, डाळ. एवढंच राहतं.

"गाणं संपायला किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं. मग प्रक्षेपण बंद. काका, काय करताय? काका!"

काका मंचावर पोचले होते. पाठीमागून उरलेले चिमटे चमकत होते. सूत्रसंचालकानं हात आडवा घातला, पण गाण्याच्या फडातल्या माणसाला कुस्तीच्या फडातला माणूस कसा अडवणार? पोपटरावांनी त्याच्या हातातला माईक अलगद काढून घेतला. वाद्यं अडखळली. दिवा लालच होता.

"थांबा!" पोपटराव म्हणाले. "मी पोपट ज्ञानू शिरतोडे, बोरखिंड. मघाशी माझ्या तोंडून एक गुण जास्त गेला. कार्डावर बारा होते. वरचा एक माझ्या पदरचा. सबीहा लेकीनं इंग्रजीत जे सांगितलं ते मी बोललो तेच होतं, तिची काही चूक नाही. जाहीर केलेला गुण मी जाहीरपणे, सर्वांसमोर, मागं घेतो."

सबीहा धावत आली आणि रडत रडत एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पोपटरावांना ती शांतता सोसली नाही. त्यांनी अंधारातून फिलिपिनोला ओढून आणलं, नेपाळच्या पोरीचा हात एका हातात धरला, त्याचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही वर केले.

"कुस्ती बरोबरीत! दोन्ही पैलवान विजयी! वाजवा रे हलगी!"

हलगी नव्हती, ड्रमवाल्यानं ड्रमवरच ती वाजवली. नेपाळची पोरगी क्षणभर गोंधळली, मग तिनं चषकाचा एक कान फिलिपिनोच्या हातात दिला. तो एवढा रडला, की चषकात साचलं असतं. दिग्दर्शक साहेब डोकं धरून बसले होते. नंतर त्यांना कुणी तरी सांगितलं, की त्या दोन मिनिटांएवढे प्रेक्षक उभ्या स्पर्धेला मिळाले नव्हते, तेव्हा त्यांनी डोकं सोडलं आणि सबीहाची नोकरी पक्की केली.

हौसाबाईंचा फोन मात्र लगेच आला नाही. आला तेव्हा मागं नाचगाणं नव्हतं.

"तुम्ही शब्द मागं घेतला तवा नाच थांबला," त्या म्हणाल्या. "अण्णा उठून घरी गेले."

"माईक गेला म्हण की."

"गेला. मला इचाराल तर तुम्ही बरं केलं. लई बरं केलं. पण गेला."

त्यानंतर मेसईदच्या बसमध्ये जे सुरू झालं ते कुणालाच आवडलं नाही. पोपटराव बोलेनात. सिग्नल आले, गेले. आमटी आली, कुणी मानाची म्हटली नाही. तिसऱ्या दिवशी बशीरभाई अल थुमामाला झोपूनच राहिले आणि विमानतळापाशी जागे झाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा! "अरे, ओरडायला काय झालं होतं तुला?" ते भडकले. खोलीतल्या तिघांना झोप येईना. एकानं तर आमटी वाढताना स्वतःच काही तरी पुकारून बघितलं, पण ते जमलं नाही.

जत्रेच्या दिवशी शुक्रवार होता. पोपटरावांनी माणसं खरेदीला एशियन टाउनच्या बाजारात सोडली आणि पार्किंगमध्ये बस लावून बसून राहिले. बशीरभाई शेजारच्या सीटवर भेळेचा कागद घेऊन बसले होते. एवढ्यात फोन वाजला. हौसाबाईंनी फडातून चित्रासकट लावला होता.

"मला नको दाखवू," पोपटराव म्हणाले.

"गप बसा आणि ऐका," हौसाबाई म्हणाल्या. नवरा आधीच गप्प असताना हे सांगायची त्यांची जन्मातली पहिलीच वेळ.

पडद्यावर लाल माती दिसली, फेटे दिसले, आणि उंच मचाणावर किसन, हातात माईक. पोपटरावांनी डोळे मिटले. किसननं घसा साफ केला. हरिदासअण्णा पुढच्या खुर्चीत बसले होते, ते मिशी धरून खाली बघत होते.

"बोरखिंडच्या या ऐतिहासिक फडावर," किसनचा आवाज आला, "मान्यवरांची नावं घेण्याआधी एक नाव घेतो. जे आज इथं नाहीत. ज्यांनी परमुलखात, साऱ्या जगासमोर, चुकलेला शब्द स्वतःच्या तोंडानं मागं घेतला, ज्यांचा माईक आज नाइलाजानं माझ्या हातात आहे. मौजे बोरखिंडचे सुपुत्र, माझे दाजी, श्रीयुत पोपटराव... ज्ञानू... शिरतोडे!"

हलगी कडाडली. फेटे हवेत उडाले. अण्णांनी मिशी सोडली आणि टाळी वाजवली.

एकवीस वर्षांत पोपटरावांनी हजारो माणसांची नावं पुकारली होती. पैलवानांची, त्यांच्या बापांची, वस्तादांची, देणगी देणाऱ्यांची, हरवलेल्या पोरांची. भोंग्यातून आपलं नाव कसं ऐकू येतं, हे मात्र त्यांना आजवर माहीत नव्हतं. पुकारणाऱ्याचं नाव कोण पुकारणार? ते फोन दोन्ही हातांनी धरून बसले. बशीरभाईंनी भेळेचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो, ऐकलंत का?" हौसाबाई ओरडत होत्या. "ऐकू आलं का तुम्हाला?"

"आलं," पोपटराव कसेबसे म्हणाले. मग बाहीनं नाक पुसलं. "हौसा, किसनला म्हणावं, परत एकदा पुकार की."